प्रेक्षकांकडची जखम

घाडीगावकर काका कुत्र्याला अहो-जाहो करतात आणि उरलेल्या जगाला अरे-तुरे. सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतले साहेब, गॅसवाला, माझी आई, मी, आम्ही सगळे 'तू'. मफिन मात्र 'आपण'. "आपण आत चला, पाय पुसायचेत आपले," हे वाक्य मी जिन्यात पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा काकांकडे कुणी बुजुर्ग नट मुक्कामाला आले असावेत असा माझा समज झाला. वळून पाहिलं तर पायपुसण्यावर वाळूच्या रंगाचा एक जाडजूड, वयस्क कुत्रा उभा होता आणि त्याने खरोखरच एक पाय वर धरला होता.

मी कारण विचारलं. कारण विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

"वयाने मोठे आहेत ते माझ्याहून," काका म्हणाले. "कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात. हिशेब कर."

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि अंधेरीच्या एका चाचणी प्रयोगशाळेत काम करते. सातने गुणण्याचा हा नियम ढोबळ आणि चुकीचा आहे. कुत्र्याचं वय त्याची जात, त्याचं वजन आणि आयुष्याचा टप्पा यांनुसार वेगवेगळ्या वेगाने वाढतं, हे मी त्यांना तिथेच, जिन्यात, व्यवस्थित समजावून सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे नक्की किती मोठे ते तुला पण माहीत नाही," ते म्हणाले. "मग अहो म्हटलेलंच बरं ना."

या माणसाशी युक्तिवाद करताना आपली प्रत्येक पायरी बरोबर असते आणि तरीही शेवटी आपणच खाली उभे असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. काकांनी मात्र सारं आयुष्य नाटकांत रंगभूषा करण्यात घालवलं. राजे, विधवा, दरोडेखोर, वेडे, सगळे त्यांच्या हातून घडून रंगमंचावर गेले. पुढे दौरे आटले, नट आपापली माणसं घेऊन येऊ लागले आणि काका जोगेश्वरी पूर्वेला, आरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या इमारतीत स्थिरावले. काकू केव्हाच वारल्या होत्या. घरात सोफा नाही, पण चारी बाजूंनी दिवे लावलेला एक भलामोठा आरसा आहे आणि त्याच्यापुढे उंच खुर्ची. वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला आला तरी काका त्याला त्या खुर्चीवर बसवतात.

माणसाशी बोलताना काका त्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, चेहऱ्यावर बघतात. आपला चेहरा ही दुरुस्तीला आलेली वस्तू आहे असं समोरच्याला वाटू लागतं. माझ्या आईला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुझं नाक चांगलंय, पण शेडिंग मागतंय." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही आणि त्या काळात ती आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी असायची. माझी पीएच.डी.ची मुलाखत लॅपटॉपवर होती, त्या दिवशी काका साखर मागायला आले आणि साखर न घेता माझ्या कपाळाला पावडर लावून गेले. "कपाळ चमकलं की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं प्रेक्षकांना," एवढंच म्हणाले. समोर प्रेक्षक नसून तीन प्राध्यापक आहेत, हे सांगायला मला वेळ मिळाला नाही.

कोणतीही गोष्ट जवळून बघायला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. भाजी निवडतानासुद्धा ते मागे सरकतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "चौथ्या रांगेतून बघ." जवळून बघितलं की सगळंच खोटं दिसतं, चौथ्या रांगेतून जे खरं वाटतं तेवढंच खरं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. माझा व्यवसाय सूक्ष्मदर्शकाचा. आम्हा दोघांत मैत्री होण्याचं काहीच शास्त्रीय कारण नव्हतं. ती मफिनच्या जखमेने घडवून आणली.

मफिन काकांचा नव्हे. तो त्यांच्या मुलीचा, शर्वरीचा. शर्वरी बंगळूरला नोकरी करते, एकटी राहते. तिथल्या जुन्या घरमालकाने कुत्रा चालणार नाही म्हटल्यावर, नवं घर मिळेपर्यंत म्हणून तिने त्याला बाबांकडे आणून सोडलं. त्यालाही बरेच महिने झाले. काका रोज तक्रार करत. "माझी सकाळ आरेत चिखल तुडवण्यात जाते. एकेक झाड हुंगल्याशिवाय पुढे जात नाहीत हे. आता मी काय यांचा सेक्रेटरी आहे? जाऊ देत एकदाचे आपल्या घरी." मग शर्वरीला अंगण असलेलं घर मिळालं. तिने गाडी ठरवली, मफिनसाठी नवा पट्टा घेतला, छातीवरून आणि पुढच्या पायांमागून जाणारा, आणि दिवसही कळवला.

त्याच्या थोडंच आधी मफिन फाटकाशेजारच्या फाटक्या पत्र्याखालून मांजरामागे शिरला. तो पलीकडे निघाला, पण डाव्या पुढच्या पायामागची थोडी कातडी पत्र्याला देऊन. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं. जखम उथळ होती, टाक्याची गरज नव्हती. भोवतीचे केस कापून त्यांनी सांगितलं की घरीच स्वच्छ ठेवा, चाटू देऊ नका. फक्त ती नेमकी पट्टा घासणाऱ्या जागी होती, म्हणून ती पुरती भरेपर्यंत पट्टा नाही आणि लांबचा प्रवासही नाही.

अशा प्रकारे सगळं त्या रुपयाएवढ्या जागेवर येऊन ठेपलं. जखम भरली की मफिन बंगळूरला.

शर्वरीचा मला फोन आला. "तू सायन्सवाली आहेस ना, प्लीज बाबांवर नजर ठेव. ते त्याला काहीही फासतील."

"काहीही म्हणजे?"

"बघशील तू," ती म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी गेले आणि पाहिलं. जखमेवर पांढराशुभ्र लेप होता.

"हे काय आहे?"

"सफेदा. ओल शोषून घेतो. राजे लोकांच्या घामाला हाच लावायचो."

"काका, सफेद्यात जस्त असतं. हा चाटेल आणि ते पोटात जाईल. कुत्र्याला विषबाधा होते त्याने."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब ओला कपडा आणला. "माफ करा हां," ते म्हणाले. मला नव्हे.

दुसऱ्या दिवशी मला जिन्यातच कापराचा वास आला. खोबरेल तेलात कापूर घालून लावला होता, माश्या बसू नयेत म्हणून. कापूरही कुत्र्याला विषारीच. तो धुऊन काढला. तिसऱ्या खेपेला जखमेवर स्वच्छ, पांढरी, चौकोनी पट्टी पाहून मला हायसं वाटलं. ती सरळ बसली होती, कडा चोख होत्या. मी कौतुकाने हात लावला. ती हलेना.

"कशाने चिकटवलीत ही?"

"स्पिरिट गमने," काका अभिमानाने म्हणाले. "दाढीमिशीचा. तीन अंकांचं नाटक, तलवारबाजी, तरी मिशी हलत नाही."

मी हादरले, हा शब्द सौम्य आहे. मी बी.एस्सी.पासून आजवर विषारी द्रव्यांच्या बाटल्या हाताळल्या आहेत, पण एका सस्तन प्राण्याच्या उघड्या जखमेभोवती नाटकातल्या मिशीचा डिंक लावलेला मी पाहिला नव्हता. ती पट्टी खोबरेल तेलाने सोडवता सोडवता माझी संध्याकाळ गेली. मफिन उताणा पडून शेपटी हलवत होता. दोन माणसं एकाच वेळी आपल्या पोटाशी गुंतली आहेत, याहून चांगलं त्याच्या आयुष्यात काही घडत नसावं.

त्यानंतर मी कार्यपद्धती घालून दिली. पाणी उकळून, थोडं मीठ घालून, गार करून घ्यायचं. हात साबणाने धुवायचे. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. स्वच्छ मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. मग उघडं ठेवायचं. हळद नाही, पावडर नाही, मलम डॉक्टरांनी दिलेलंच. सूज, पू किंवा गरमपणा दिसला तर मला हाक मारायची. आणि गळ्यात ते प्लास्टिकचं शंकूसारखं आवरण, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोचणार नाही.

पहिलं सगळं काकांनी निमूट मान्य केलं. आवरणावर मात्र ते अडून बसले.

"हे काय? कचऱ्याच्या बादलीतून तोंड काढल्यासारखं दिसतंय. चौथ्या रांगेतून बघ जरा. हसतील लोक यांना."

"लोकांनी हसण्याचा आणि जखम भरण्याचा संबंध नाही, काका."

"तुझ्या शास्त्रात नसेल."

दोन दिवसांत मफिनच्या गळ्यात पुठ्ठ्याचं, आतून मऊ कापड लावलेलं, बाहेरून सोनेरी किनार असलेलं, एखाद्या सरदाराच्या ऐटीचं आवरण आलं. मी मापं घेऊन पाहिली. तोंड जखमेपर्यंत पोचत नव्हतं. मला आक्षेप घेता आला नाही. त्या आठवड्यात मफिन आरेच्या रस्त्यावर निघाला की रिक्षा हळू होत.

आणि जखम भरू लागली. काका हात इतके धूत की त्यांच्या बोटांना सुरकुत्या पडत. कापडाचा स्पर्श असा की मफिन झोपून जाई. लाली ओसरली, खपली धरली, खपलीच्या कडेने गुलाबी कातडी आली. मी शर्वरीला फोटो पाठवला, "उत्तम प्रगती." तिने नाचणाऱ्या माणसांची चित्रं पाठवली. मग मला प्रयोगशाळेने प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं.

परत आले तो रविवार होता. रविवारी सकाळी शर्वरीचा व्हिडिओ कॉल असतो. काका फोन आरशाच्या फळीवर टेकवतात आणि मफिन समोरच्या सतरंजीवर पसरतो. मी हैदराबादची बिस्किटं द्यायला आत शिरले आणि दारातच थबकले. फोनच्या पडद्यात शर्वरी ओठ चावत बघत होती. मफिनच्या कुशीवर जखम होती, आणि ती खपली धरलेली जखम नव्हती. लालभडक, ओली, कडेला काळसर पडलेली, आधीच्या दुप्पट.

"बघ ना," काका फोनकडे बघून म्हणत होते, "मध्येच चिघळली. आता पट्टा कसा बांधणार?"

"नको बाबा, राहू दे," शर्वरी म्हणाली. "गाडी पुढे ढकलते मी."

माझ्या डोक्यात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची नावं एकामागोमाग उभी राहिली. मी उद्याच डॉक्टरांकडे नेऊ म्हटलं. काका म्हणाले, "बघू." सोमवारी मी ऑफिसला जाण्यापूर्वी डोकावले. मफिन दाराशी उभा, जखम जवळजवळ दिसेनाशी झालेली, नुसता गुलाबी डाग.

"कमी वाटतेय ना?" काका म्हणाले. "मग कशाला डॉक्टर?"

पुढच्या रविवारी ती पुन्हा होती. तेवढीच लाल, तेवढीच ओली. सोमवारी पुन्हा नाही. माझी झोप उडाली. जखम चिघळते, बरी होते, पुन्हा चिघळते, हे शक्य आहे. पण जखमेला वार कळत नाहीत. कोणत्याही जिवाणूला शर्वरीची सुट्टी कधी असते हे माहीत असण्याचं कारण नाही.

त्यापुढच्या रविवारी कॉल संपता संपता मी हातमोजे आणि निर्जंतुक केलेली कापसाची काडी घेऊनच गेले. नमुना घेऊन तपासायचाच, असं ठरवून. काका स्वयंपाकघरात चहा टाकत होते. मी सतरंजीवर गुडघे टेकले, काडी जखमेवरून फिरवली. काडी गुलाबी झाली. मी ती नाकाशी नेली. पू नाही, रक्त नाही. आंबूस, ओळखीचा, जेवणाच्या ताटातला वास. तेवढ्यात मफिनने मान वळवली, माझ्या हातातली काडी मन लावून चाटली आणि मग, आवरण नसल्यामुळे, वळून स्वतःची जखमही चाटायला लागला. चाटता चाटता जखम पुसली गेली. खाली केस होते.

 मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मी मफिनच्या उजव्या बाजूला बसले होते.

मी त्याला हळूच कुशीवर वळवलं. डाव्या पायामागे, जिथे पत्रा लागला होता, तिथे कोवळे, नवे, वाळूच्या रंगाचे केस दाट उगवले होते. खरी जखम कधीच भरून गेली होती.

काका चहा घेऊन आले. माझ्या हातातली काडी त्यांनी पाहिली.

"हे काय आहे, काका?"

"कोकम," ते म्हणाले. "तांदळाच्या पिठात घोटलेलं. काळी कड गूळ करपवून केलीय." ते खुर्चीवर बसले. "बिनमिठाचं आहे हां, रस घरी काढलेला. मीठ पोटात गेलेलं त्यांना बरं नाही, तूच म्हणालेलीस."

 मी एवढंच म्हणाले, "जखम डाव्या बाजूला होती."

"माहीत आहे मला."

"मग ही उजवीकडे का?"

काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "ते झोपतात कसे, बघ. आरशाकडे उजवी बाजू. फोन आरशापाशी. प्रेक्षक तिकडे बसलेत आणि मी जखम विंगेकडे करू? आयुष्यात कधी केली नाही. जखम प्रेक्षकांकडेच करायची असते."

मी नाटकातली नाही. पण एखाद्या व्यवसायाची शिस्त माणसाच्या हाडांत किती खोल जाते, हे त्या क्षणी मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट दिसलं. फसवायचं ठरवूनही त्यांना जखम चुकीच्या जागी काढावी लागली. कारण बरोबर जागी काढली असती तर ती दिसली नसती, आणि न दिसणारी रंगभूषा त्यांच्या दृष्टीने लबाडीहून वाईट होती.

"तुम्ही शर्वरीशी खोटं बोलताय," मी म्हटलं. "ती तिथे काळजीत आहे. गाडी रद्द करतेय. तिने त्याच्यासाठी घर घेतलंय."

"होय."

"तुम्ही तर रोज म्हणता, जाऊ देत एकदाचे."

"म्हणतो."

"तिने तुम्हालाही बोलावलंय ना तिकडे? आई सांगत होती. का जात नाही तुम्ही?"

"जाऊन काय करू गो? ती दिवसभर ऑफिसात. मी काय तिच्या दारातला वॉचमन होऊ? इथे निदान…" आणि ते थांबले. इथे निदान काय, ते त्यांना सापडेना. चहावर साय धरली.

मग ते आपल्या हातांकडे बघत बोलू लागले. "तुला एक सांगतो. मेकअपवाल्याला रोज कुणीतरी हाताला लागतं. समोर बसतो माणूस, डोळे मिटतो, आणि गप्प आपल्या स्वाधीन होतो. मोठे मोठे नट, बाहेर वाघ, पण इथे बसले की पोर. मग ते सगळं संपलं. किती दिवस या हातांना कुणी लागलं नाही. लाइटचा मीटरवाला बसतो, तो पण घाईत असतो. मग ती जखम झाली. तू शिकवलंस, हात धू, टिपून घे. मी टिपायचो आणि हे डोळे मिटायचे. रोज." त्यांनी मफिनकडे पाहिलं. "भरत आली तसा माझा जीव घाबरा व्हायला लागला. असं कुणाचं होतं का? जखम भरतेय म्हणून?"

 यावर मी जे बोलले ते मला नीट आठवतं, कारण ते फारच कोरडं होतं. मी म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही तिला सांगा. नाहीतर मी सांगेन."

"सांगतो," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. उकळून गार केलेल्या पाण्याचं वाडगं, मऊ कापड, सगळं घेऊन. कॉल सुरू होताच ते रंगकाम पुसायचं आणि खरी बाजू दाखवायची, असं मी ठरवलं होतं. काकांनी जखम काढलेली होती. नेहमीपेक्षा छोटी, पण होती.

"काका, आपलं ठरलं होतं."

"सांगणार आहे. पण एकदम कोरं अंग दाखवून कसं सांगू? आधी थोडं कमी झालंय असं…"

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. दारात शर्वरी उभी होती, पाठीला एक पिशवी, विमानतळावरून सरळ आलेली. तिला मी पडद्यावरच पाहिलं होतं. प्रत्यक्षात ती खूप बारीक होती.

"कॉलवर समजत नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं स्वतः बघून येऊ."

मफिन उठला नाही, नुसताच संपूर्ण अंगाने थरथरू लागला. शर्वरी त्याच्याकडे धावली, हात न धुता, आणि सतरंजीवर बसून तिने आपलं तोंड त्याच्या मानेत खुपसलं.  आरशासमोर काका उभे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

मग ती सरळ बसली आणि तिने जखमेकडे पाहिलं. उजव्या बाजूच्या जखमेकडे. पत्र्याने कुठे लागलं होतं ते तिला ठाऊक होतं. मीच तिला फोटो पाठवला होता.

"ते पाणी दे," ती मला म्हणाली.

मी वाडगं दिलं. तिने कापड बुडवलं, पिळलं आणि जखम पुसायला घेतली. घाईने नाही. मी काकांना जसं टिपायला शिकवलं होतं तसंही नाही. बाहेरून आत, कडेकडेने, दोन बोटांत कापड धरून, चेहऱ्यावरचा रंग उतरवतात तसं. कळायला लागल्यापासून ती रंगपटात वाढलेली होती, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. लाल गेलं, काळं गेलं. खाली केस, केसांखाली कुठलाही व्रण नसलेली निरोगी कातडी. शर्वरीने कापड नाकाशी नेलं.

"कोकम कमी पडलंय," ती म्हणाली. "पीठ जास्त झालं."

"संपलंय," काका खाली बघत म्हणाले. "गावाहून यायचंय."

 माझ्या मते आता सगळं उघड झालं होतं आणि पुढची पायरी स्पष्ट होती. शर्वरीने त्या स्वच्छ जागेवर तळहात ठेवला. मग काकांकडे न बघता म्हणाली, "ओली आहे अजून. इतक्यात नाही हलवता येणार. राहू दे त्याला इथेच."

मी तोंड उघडलं. पुरावा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. शर्वरीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी ते मिटलं. प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्या विरोधात केलेलं विधान मी माझ्या प्रौढ आयुष्यात पहिल्यांदाच नोंद न करता जाऊ दिलं.

काका जवळ आले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नाहीत; ते सतरंजीवर बसले. त्यांनी डावा तळहात शर्वरीच्या हनुवटीखाली धरला आणि तिचा चेहरा हळूच खिडकीच्या उजेडाकडे वळवला. तिने डोळे मिटले.

"हे काय केलंस डोळ्यांखाली?" त्यांनी विचारलं.

"मेकअप नाहीये तो, बाबा."

"तेच म्हणतोय मी." त्यांचा अंगठा तिच्या डोळ्याखालच्या काळ्या भागावरून फिरला, पुन्हा फिरला, तिथला रंग निघतोय का ते बघत असल्यासारखा. "झोपत नाहीस. नीट खात नाहीस. रिकाम्या घरी परत जातेस रोज. बरोबर?"

 तिची हनुवटी त्यांच्या हातातच होती आणि ती हलवायचा तिने प्रयत्न केला नाही. मफिनने डोकं तिच्या मांडीवर टाकलं.

काकांनी तो चेहरा न्याहाळला. मग त्यांनी तिच्या हातातलं कापड घेतलं, स्वच्छ कोपरा शोधून पाण्यात बुडवला आणि तिचे गाल टिपले.

"ती गाडी," ते म्हणाले, "यांना मागची सीट दिली तर माणसाला जागा उरते का?"